दोन्ही बाजू लिहून कळव

राजीवडा, रत्नागिरी
४ जानेवारी २००४

साकिब,

सलाम. सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, तेव्हा तब्येतीची चौकशी करून सुरुवात करायचा हक्क मला उरलेला नाही. सरळ कामाचं लिहितो.

काल दुपारी तुझ्याकडून रजेवर आलेला हाशिम रिक्षातून खोकं घेऊन आला. दारातूनच ओरडला, "मास्तर, तुमच्या भावाने हत्ती पाठवलाय, जागा करा!" समोरच्या चार खिडक्या उघडल्या. रहिमाने मला आत ओढलं आणि म्हणाली, "भावाची वस्तू आहे. तोंड उघडण्याआधी दहापर्यंत मोजा." मी वीसपर्यंत मोजलं.

तुझी चिठ्ठी तीन वेळा वाचली. कंपनीने दोन वर्षांचा नवा करार पुढे केला आहे, सही अठ्ठावीस फेब्रुवारीच्या आत. सही केली नाहीस तर कायमचा घरी येणार, मारुती मंदिराजवळ गाळा घेणार आणि कॉम्प्युटरवर खेळ खेळायचं दुकान काढणार. आठ मशीनं. ती बहरीनच्या दुकानातून तयार आणायची की इथे सुटे भाग जोडून करून घ्यायची, यावर तुझं अडलं आहे. तयार मशीनं आपल्याकडे चालली नाहीत तर दुकान बसेल, आणि या वयात पुन्हा सौदीला कोणी बोलावणार नाही. म्हणून एक नमुना पाठवलास. "महिनाभर वापर, तुझ्या तस्नीमला वापरू दे. दोन्ही बाजू लिहून कळव. भाषण नको. तुलाच विचारतोय, कारण वाईट शोधून काढण्यात तुझा हात धरणारा माणूस रत्नागिरीत नाही."

शेवटचं वाक्य मी प्रशस्तिपत्रक समजतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मागून लपवाछपवी नको. पोरांनी पडद्यावर गाड्या पळवण्यात दुपार घालवावी हे मला मान्य नाही. दुसऱ्याने जोडून, सील ठोकून दिलेली वस्तू तर मुळीच मान्य नाही. बत्तीस वर्षं मी वर्गात सांगत आलो की जे तुम्हाला उघडता येत नाही आणि पुन्हा जोडता येत नाही, ते तुमचं नाही, तुम्ही त्याचे आहात. हे मी बदलणार नाही.

पण तू विचारलं आहेस. सहा वर्षांत पहिल्यांदा काही विचारलं आहेस. तेव्हा महिनाभर मी न्यायाधीश, वकील नाही.

जुबेदा आणि सुमैया खेडला तिच्या माहेरी बऱ्या आहेत असं ऐकतो. लोकांकडून. तू दोनदा रजेवर आलास आणि खेडवरूनच परत गेलास, तेही लोकांकडूनच ऐकलं. त्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

अकबर


राजीवडा
१८ जानेवारी २००४

साकिब,

चांगली बाजू आधी लिहितो, कारण ती लिहिताना मला जास्त त्रास होतो.

तस्नीमने मशीन वीस मिनिटांत उभं केलं. एकटीने. प्रत्येक वायरच्या टोकाला रंग, मागच्या भोकाला तोच रंग. आमच्या शाळेचं मशीन जोडायला लवू तीन वेळा आला होता, आणि चौथ्यांदा आला तो आधीचं जोडलेलं सुधारायला. इथे एकाच हाताने सगळे भाग निवडले आहेत, ते एकमेकांशी भांडत नाहीत. चित्रं रंगवणारं कार्ड वेगळं, त्याला स्वतःचा पंखा. सोबत एक सीडी आहे, मशीन कितीही बिघडलं तरी ती घातली की पहिल्या दिवसासारखं होतं म्हणे. विमानाच्या खेळात समुद्र दिसतो तो ओला दिसतो. भाट्याच्या पुलाजवळ राहणाऱ्या माणसाला समुद्राच्या बाबतीत फसवणं सोपं नाही.

आता वाईट. अंगावर निळा दिवा आणि काचेची खिडकी, मशीन आहे की मिरवणुकीतली गाडी? मेमरीच्या जागा दोनच, दोन्ही भरलेल्या, वाढवायची सोय नाही. मागचा वीज घेणारा डबा असल्या आकाराचा, की लवू म्हणतो, मुंबईतही सहज मिळणार नाही. सील तोडलं तर हमी गेली, आणि हमी फक्त त्या बहरीनच्या दुकानात. म्हणजे दुखणं आलं तर रोग्याला विमानात बसवून न्यायचं.

लवूला मुद्दाम बोलावलं होतं. शिवाजीनगरात त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे, सुटे भाग जोडून मशीनं बनवतो, म्हणजे तो तुझा प्रतिपक्ष. मशीनभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "सर, हे लग्नाच्या पंगतीतलं ताट हाय. सगळं वाढलेलं, चवीचं. पण मीठ कमी पडलं तर हाक कोणाला मारणार?"

"आणि तुझं मशीन?"

"माझं घरचं जेवण. कधीमधी करपतं, पण आचारी दारात हाय."

खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने दोन वर्षांत गंज चढेल असंही तो म्हणाला. मी विचारलं, तुझ्या मशीनवर चढत नाही? तर म्हणे, "चढतो. पण माझ्यावर रागावता येतं." मुद्दा नोंदवला.

एक काळजी घेतली आहे, निश्चिंत राहा. सौदीची वीज एकशेदहाची, आपली दोनशेवीसची. तिकडचं सामान थेट भिंतीला लावलं की जळतं, हे आपल्या वस्तीत घराघरात ठाऊक आहे. अम्माच्या मिक्सरबरोबर एकोणनव्वदला तू जो कन्व्हर्टर आणला होतास, तो माळ्यावरून काढला, पुसला आणि मशीन त्याच्यावर लावलं. तस्नीम मध्येच काही बोलायला लागली होती. हाशिमच्या बापाचा टेपरेकॉर्डर कसा धूर सोडत गेला ते तिला सविस्तर सांगितलं. गप्प बसली.

मी स्वतः खेळत नाही, निरीक्षण करतो. गाड्यांच्या शर्यतीत तिसऱ्या वळणावर ब्रेक मारायचा नसतो, फक्त बोट उचलायचं असतं. हे निरीक्षणातूनच लक्षात आलं.

अकबर


राजीवडा
२७ जानेवारी २००४

साकिब,

महिना पुरा व्हायची गरज नाही. निकाल देतो. नको.

तुझं मशीन कागद लिहायला तासन्‌तास चालतं, गणितं करतं, गाणी वाजवतं. पण ज्यासाठी ते जन्माला आलं, तो खेळ लावला की दहाव्या मिनिटाला पटकन मरतं. पडदा काळा. घरातली वीज गेलेली नसते, डोक्यावर पंखा फिरत असतो, हे एकटंच मेलेलं. आठ दिवसांत अकरा वेळा. त्याआधी मी पाच मिनिटांच्या वर खेळ चालू देत नव्हतो, म्हणून कळलं नाही. लवू म्हणतो, "सर, आत बघितल्याशिवाय सांगता येणार नाय. सील तोडू? तोडलं तर पुढचं तुमच्यावर." मी नको म्हटलं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायची मला सवय नाही. पण बघ, हेच मी सांगत होतो! घरात ठेवलेली वस्तू, दुखतंय कुठे ते विचारायची चोरी!

काल झेंडावंदनानंतर शाळेतली चार माणसं घरी आली होती. ती आपण होऊन आली नव्हती, मी बोलावली होती, आता लिहून टाकतो. साकिबने पाठवलंय, बघा तर खरं, असं म्हणालो होतो. तस्नीमने विमान धावपट्टीवर आणलं, सगळे पुढे वाकले, चाकं जमिनीवरून सुटली आणि अंधार. हेडमास्तर म्हणाले, "अकबरसर, उतारू कुठे उतरवले?" हसले सगळे. हाशिम मागे उभा होता. म्हणाला, "मास्तर, कोणाचं तरी परत आलेलं मशीन साकिबच्या गळ्यात बांधलेलं दिसतंय."

अशी आठ लावशील तर पोरं पहिल्या आठवड्यात पैसे परत मागतील आणि दुसऱ्या आठवड्यात दगड मारतील. करारावर सही कर. दोन वर्षं तिकडेच काढ. इकडे येऊन या खोक्यांच्या भरवशावर संसार मांडू नकोस.

आणि तू विचारलं नाहीस तरी सांगतो. अठ्ठ्याण्णवला शाळेच्या समारंभात मी जे बोललो, त्यातला एक शब्द मागे घ्यायचं मला कारण दिसत नाही. "या वस्तीत बाप येत नाहीत, खोकी येतात." तू तिसऱ्या रांगेत बसला होतास, सुमैया मांडीवर. उठून गेलास, दुसऱ्या दिवशी बायकोमुलीला खेडला सोडलंस आणि रजा अर्धी टाकून विमानात बसलास. सहा वर्षांनी काय आलं? खोकंच आलं.

अकबर


राजीवडा
५ फेब्रुवारी २००४

साकिब,

हाशिमची रजा संपली, हे पत्र तोच तुझ्या हातात देईल. तू वाचेपर्यंत समोर उभा राहील, कारण मी त्याला तशी शपथ घातली आहे. सत्तावीस तारखेचं पत्र तुला मिळालं असेल तर फाडून टाक. मिळालं नसेल तर आल्यावर न फोडता फाड. हजच्या सुट्टीत तिकडचं टपाल बंद असावं अशी मी चार दिवस दुआ मागतो आहे. टपाल लवकर पोचावं म्हणून आयुष्यभर अर्ज लिहिणारा माणूस मी!

मंगळवारी बूथवरून तुझ्या कॅम्पवर फोन लावला, घरच्या फोनवरून परदेशी लागत नाही. बूथवाल्याने सहा वेळा नंबर फिरवला. कोणी मल्याळी उचलून म्हणाला, "साकिब नहीं. साइट पे. हफ्ता." मी त्याला सगळं समजावून सांगू लागलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाईसाब, मेरे को मशीन नहीं मंगता."

आता काय झालं ते ऐक. ईदच्या सकाळी रहिमाच्या मिक्सरचं भांडं फुटलं. मसाला व्हायचा होता, पाहुणे दहा वाजता. तिने अम्माचा जुना सौदीचा मिक्सर खाली काढला आणि मला न विचारता कन्व्हर्टर उचलून स्वयंपाकघरात नेला. मी नमाज आणि चार घरं करून दुपारी परतलो, तर बाहेरच्या खोलीत ही गर्दी. नातेवाइकांची पोरं, पोरी, हाशिम, त्याचा सासरा. पडद्यावर शर्यत चाललेली. मशीनची वायर सरळ भिंतीत.

मी दारातूनच गरजलो. काय काय बोललो ते तस्नीम तुला कधीतरी नक्कल करून दाखवील. जळेल, फुटेल, चाचाची वस्तू, अक्कल गहाण. माझं संपेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "अब्बा, सकाळी साडेनऊपासून चालू आहे. एकदाही बंद पडलं नाही."

"नशीब समज."

"नशीब नाही. मागे लिहिलंय."

मी मशीनच्या मागे वाकलो. वीज घेणाऱ्या डब्यावर पट्टी आहे, इंग्रजी आणि अरबी दोन्हीत. शंभरपासून दोनशेचाळीसपर्यंत काहीही चालेल. कन्व्हर्टर लागतच नव्हता. कागद लिहिण्यापुरती वीज तो म्हातारा कन्व्हर्टर देत होता. खेळ सुरू झाला, कार्डाने जास्त मागितली, की तो हात टेकायचा. अकराच्या अकरा वेळा गुन्हेगार तोच, आणि त्याला तिथे बसवणारा मी.

साकिब, मी तुझं सोबत आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं होतं, जपानी भाषेतल्या पानांवरच्या आकृत्यासुद्धा पाहिल्या होत्या. ती दोन बोटांची पट्टी वाचली नाही. आणि दुसऱ्या पत्रात मी जे लिहिलं की तस्नीम काही बोलायला लागली होती, तिथे मी लबाडी केली. ती पूर्ण वाक्य बोलली होती. "अब्बा, याला कन्व्हर्टर लागत नाही, मागे लिहिलंय." पहिल्याच दिवशी. मी ऐकलं होतं. मला वाटलं, सौदीचं सामान म्हणजे काय हे मला काल कॉलेजात गेलेली पोर शिकवणार? रहिमा हे सगळं ऐकत होती. मसाल्याच्या हाताने दारात आली आणि एवढंच म्हणाली, "आता तरी गप रव्हा." राहिलो. जेवणं होईपर्यंत राहिलो, पाहुण्यांना वाटलं माझी तब्येत बिघडली.

त्यानंतर तीन दिवस मशीन थेट भिंतीवर चालतंय. काल सलग सहा तास. तेव्हा खरा निकाल आत्ता लिहितो, आणि हा निकाल पुन्हा बदलणार नाही.

मशीन चांगलं आहे. पहिल्या दिवशी चालतं, नवशिक्याला घाबरवत नाही, आणि त्याच्या जोरावर जे खेळ चालतात ते लवूच्या मशीनवर आज चालत नाहीत. लवूनेच कबूल केलं. त्याचे दोष मी आधी लिहिले ते मात्र खोटे नाहीत. मेमरी वाढणार नाही, तो वेडावाकडा डबा गेला तर मशीन आडवं, हमी समुद्रापलीकडे. म्हणून आठही तयार आणू नकोस आणि आठही जोडून घेऊ नकोस. दोन बहरीनहून आण, भारी खेळांसाठी, दर्शनी भागात ठेव. पोरं त्यांच्यासाठी येतील. बाकीची सहा लवू जोडील आणि तस्नीम त्याच्या हाताखाली शिकेल, म्हणजे दुखणं आलं तर डॉक्टर घरचा. एक आणखी सांगतो. चालतं मशीन बंद पाडायला आमच्यासारखा एक जाणकार पुरतो, तेव्हा दुकानात प्रत्येक प्लगवर मोठ्या अक्षरात मराठीत लिही की इथे काय लावायचं नाही.

खेळांबद्दल माझं मत बदललेलं नाही. शनिवारी दुपारी येऊन मी ते दुकानात उभा राहून सांगेन. ते ऐकायची तयारी ठेव.

आता दुसरं. सत्तावीस तारखेच्या पत्राचा शेवट. मशीनने मला शाळेतल्या माणसांसमोर तोंडावर पाडलं आणि मी तो राग तुझ्यावर काढला, हे एक. पण ते वाक्य जुनं आहे, त्याचं मूळ मशीनच्या आधीचं. त्या सभागृहात डोक्यावर फिरणारे बारा पंखे तुम्ही बाहेर गेलेल्या बापांनीच पाठवले होते. त्यांच्याच वाऱ्याखाली उभा राहून मी तुम्हाला नावं ठेवली. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या म्हणजे खरं बोललो, असं मला सहा वर्षं वाटत होतं. तू उठून गेलास तेव्हा मी पुढचं वाक्य विसरलो होतो, हे कोणालाच ठाऊक नाही.

मी चुकलो. पट्टीच्या बाबतीत आणि त्या वाक्याच्या बाबतीत.

सही करू नकोस. ये. मशीन चालो, न चालो, ये.

तुझा भाई


खेड
२९ फेब्रुवारी २००४

साकिब,

तुझा फोन ठेवल्यावर काल संध्याकाळी मी बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो. रहिमाने कपाळाला हात लावून पाहिला. तस्नीमने विचारलं, "चाचा काय म्हणाले?" मी म्हटलं, "हसला." ती म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, "आणखी काय पाहिजे तुला?"

तू फोनवर म्हणालास ते पुन्हा लिहून काढतो, म्हणजे ते खरंच घडलं याची मला खात्री पटेल. "भाई, मी पंचवीस वर्षं वायरिंगचं काम करतोय. तुझ्या दुसऱ्या पत्रात कन्व्हर्टर वाचला तेव्हाच मला कळलं, हे आता खेळाच्या वेळी बंद पडणार."

"मग कळवलं का नाहीस, गाढवा?"

"तू आपणहून चुकलो म्हणून कधी लिहितोस ते बघायचं होतं. सहा वर्षं थांबलो होतो, महिनाभराचं काय!"

मी बूथवरून बोलत असतो तर बूथवाला साक्षीदार झाला असता. मी मोठमोठ्याने हसलो आणि डोळे पुसले, दोन्ही एकाच वेळी, या वयात. पण तू नंतर आवाज खाली आणून जे सांगितलंस ते मी विसरलेलो नाही. सत्तावीस तारखेचं पत्र पोचलंच होतं. मशीनच्या शिव्या वाचून हसलास, शेवट वाचून हसू गेलं, आणि दोन दिवस कराराचा कागद खिशात घालून फिरलास. तिसऱ्या दिवशी हाशिम आला. तो तिसरा दिवस चौथा झाला असता तर? हा प्रश्न मी एसटीत खेडपर्यंत स्वतःला विचारत आलो. आता सोडून देतो. नाही झाला. सही झालेली नाही, कागद तू परत दिलास, आणि चोवीस मार्चला तू रत्नागिरी स्टेशनवर उतरतोस. माझ्या छातीवरून कोणीतरी जांभ्या दगडाचा थर उचलून नेल्यासारखं वाटतंय. जगबुडी नदीच्या पुलावर गाडी आली तेव्हा मी चक्क गुणगुणत होतो. शेजारच्या बाईने जागा बदलली.

आज रविवार म्हणून सकाळीच निघालो. तू म्हणाला होतास, जुबेदाला मी कळवतो. पण तिला इथे पोचवणारं भाषण माझं होतं, तेव्हा परत न्यायला येणारे पायही माझेच हवेत. तिने दार उघडलं. सहा वर्षांनी मला पाहून ती हसली नाही, आणि ते रास्त होतं. "या, भाईजान," म्हणाली. पाणी दिलं, समोर बसली आणि वाट पाहू लागली. वाटेत जुळवलेलं भाषण मी बाजूला ठेवलं. म्हटलं, "माझं चुकलं. राजीवड्याची खोली तुमचीच आहे. साकिब येतोय." ती उठून आत गेली. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आली, डोळे धुतलेले. म्हणाली, "साखर घालायला विसरले." मी म्हटलं, "मला आज गोडच लागणार."

तुझी पोरगी दहा वर्षांची झाली, साकिब. अम्माचं नाक घेऊन हिंडते. ती भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून माझ्यासमोर घेऊन बसली. आखातातल्या माणसांच्या पोरांना पहिला प्रश्न तोच ठाऊक असतो. "किती दिवसांसाठी येणार?"

मी म्हटलं, "कायमचा."

"म्हणजे किती?"

बत्तीस वर्षं पोरांना शिकवतोय. तरी मी जुबेदाकडे बघितलं.

तिने चोवीस मार्चला पेन्सिलीने गोल केला. मग पुढची पानं चाळत विचारायला लागली, परत जायची फुली कुठल्या दिवसावर मारू. तिच्याकडे ही पद्धत आहे. येण्याचा गोल, जाण्याची फुली, मधले दिवस रोज रात्री खोडायचे. जुबेदा म्हणाली, "मारू नको."

"एकही नको?"

"एकही नको."

एप्रिल उलटला, मे उलटला. प्रत्येक पानावर ती थांबून आईकडे बघायची आणि जुबेदा मान हलवायची. असं डिसेंबरपर्यंत गेली. कॅलेंडर संपलं, तेव्हा पोरीने पेन्सिल माझ्या हातात दिली आणि खेळायला बाहेर पळाली. त्याच पेन्सिलीने हे लिहितो आहे.

तुझा भाई
अकबर